आधी बिजागरी बघ

साधी सायकल घेऊ की घडीची, असं तू विचारलंस. घडीचीच घे. दारासुरमच्या तुमच्या भाड्याच्या घरात जिना सुरू होतो तिथं चपला काढायलाही धड जागा नाही, आणि साधी सायकल रोज दुसऱ्या मजल्यावर चढवणं तुझ्याच्यानं व्हायचं नाही. जिन्याखाली साखळीनं बांधलेल्या सायकलचं काय होतं ते मी किती घरांत पाहिलंय. ती पावसात भिजते, तिच्यातली हवा उतरते, एक दिवस हवा भरायचा कंटाळा येतो आणि डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम तिथंच थांबतो. घडीची सायकल दाराच्या आत, कोरडी, हवा भरलेली उभी राहते. सकाळी उठलं की दोन मिनिटांत रस्त्यावर. तिचा खरा फायदा एवढाच, पण व्यायामासाठी तोच सगळ्यात मोठा. घाम काय, कुठलीही सायकल काढते.

आणि महागडी घेऊ नकोस. हे मी काटकसर म्हणून सांगत नाही, इथली जमीन बघून सांगतो. पुण्यात तू चढ-उतारावर वाढलीस. इथं तसं काही नाही. कुंभकोणम् समुद्रसपाटीपासून पंचवीसेक मीटरवर आणि पश्चिमेला चाळीस किलोमीटरवरचं तंजावर साठेक मीटरवर. एवढ्या अंतरात एवढाच उतार, तो पायाला कळतसुद्धा नाही. कावेरीनं, अरसलारनं आणि त्यांच्या कालव्यांनी गाळ आणून आणून सपाट केलेला हा मुलूख. चढ म्हणशील तर नदीवरच्या पुलाचा, तोही शंभर पावलांचा. तेव्हा दुकानदार एकवीस गिअरची सायकल दाखवायला लागला तर हात जोड आणि पुढं हो. सहा-सात गिअर इथं पुष्कळ झाले. एकच गिअर असला तरी चालतं, फक्त दात्यांचा हिशेब बघावा लागतो, तो पुढं सांगतो.

इथं चढाची जागा वारा घेतो, हे मात्र लक्षात ठेव. आषाढ-श्रावणाच्या सुमारास, म्हणजे इथल्या आडी महिन्यात, पश्चिमेकडून असा वारा सुटतो की आडीच्या वाऱ्यात पाटा-वरवंटाही उडतो अशी इथल्या लोकांची म्हण आहे. त्या दिवसांत आधी पश्चिमेला, स्वामिमलैच्या बाजूला जायचं आणि वारा पाठीवर घेऊन परत यायचं. ताजे असताना वाऱ्याशी झगडावं, दमल्यावर नाही. दोन-चार गिअर असले तर ते या दिवसांत कामाला येतात, म्हणून सहा गिअर असलेली मिळाली तर नाही म्हणू नकोस.

पैशाचं सांगतो. आपल्याकडे बऱ्यापैकी घडीची सायकल साधारण दहा ते वीस हजारांच्या दरम्यान येते. लंडनच्या ब्रॉम्प्टनसारखी घेतलीस तर लाखाच्या पुढं. ती सायकल उत्तम आहे, वादच नाही. अँड्र्यू रिची नावाच्या इंजिनिअरनं १९७० च्या दशकात लंडनमधल्या आपल्या राहत्या घरात तिचा पहिला नमुना बनवला, आणि समोरच्या ब्रॉम्प्टन ऑरेटरी या चर्चचं नाव तिला दिलं. तिची घडी इतकी लहान होते की आगगाडीत बाकाखाली सरकते. पण तुला रोज लंडनची लोकल धरायची नाहीये. तुला ती जिन्यावरून न्यायची आहे, दाराआड ठेवायची आहे, आणि कधी सासूबाईंकडे तंजावरला जाताना गाडीच्या डिकीत टाकायची आहे. त्यासाठी वीस इंची चाकांची, जरा मोठी घडी होणारी सायकल पुरते. सात हजारांच्या खाली कुणी देत असेल तर मात्र थांब. त्या किमतीत कुठंतरी लोखंड पातळ केलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते बिजागरीत असतं.

आता मुख्य गोष्ट. घडीच्या सायकलचा जीव बिजागरीत असतो. साध्या सायकलची मधली दांडी अखंड असते, हिची मध्यावर कापून पुन्हा जोडलेली. तुझं सगळं वजन, रस्त्यावरचा प्रत्येक दणका त्या सांध्यातून जातो. दुसरा सांधा हँडलच्या दांडीच्या बुडाशी असतो. तो सुटला तर सायकल तुझ्या हातात राहत नाही, म्हणून तो पहिल्यापेक्षाही जपायचा. रंग, गिअर, सीट, नाव हे सगळं त्यानंतर.

दुकानात गेल्यावर सायकल उघडून घे आणि मधल्या बिजागरीच्या दोन्ही कडा एकमेकींना पुरत्या टेकल्यात का ते डोळा लावून बघ. फटीतून उजेड दिसला तर ती सायकल नको. खटका बंद करताना तळहाताचा जोर लागला पाहिजे. दोन बोटांनी बंद झाला तर सैल आहे, आणि अंगचं बळ लावूनही बसत नसेल तर गरजेपेक्षा जास्त आवळलाय. दोन्ही नटनं सारखे करता येतात, ते दुकानातच करून घे. मुख्य खटक्यावर आणखी एक छोटी कडी किंवा बटण असतं, खटका आपोआप उघडू नये म्हणून. ते नसलेली सायकल फुकट दिली तरी घेऊ नकोस. मग पुढचा ब्रेक दाबून धर, एक बोट बिजागरीच्या फटीवर ठेव आणि सायकल पुढं-मागं हलव. बोटाला टकटक लागली की सांध्यात खेळ आहे. हेच हँडलच्या सांध्यावर कर. शेवटी पुढचं चाक वीतभर उचलून सोड. खडखड आली तर ती कुठून येते हे दुकानदाराला विचार, आणि ‘नव्या सायकलला येतेच’ असं उत्तर मिळालं तर दुसरं दुकान बघ.

बिजागरी काही नवी गोष्ट नाही. दुसऱ्या महायुद्धात बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीनं विमानातून उडी मारणाऱ्या सैनिकांसाठी साठ हजारांहून जास्त घडीच्या सायकली बनवल्या. त्यांच्या दांड्यांना दोन बिजागऱ्या आणि हातानं फिरवायचे नट असत. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरताना ब्रिटिश आणि कॅनेडियन सैनिकांनी अशा सायकली बरोबर नेल्या होत्या. तेच बीएसए नाव आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सायकलींवर दिसतं, कारण १९४९ साली चेन्नैजवळ अंबत्तूरला उभी राहिलेली मुरुगप्पा समूहाची टी. आय. कंपनी हर्क्युलिस आणि बीएसए या नावांनी सायकली बनवत आली. तात्पर्य, सांधा नीट असेल तर घडीची सायकल सैनिकाचं आणि त्याच्या बोज्याचं वजन पेलते. तुमचं का नाही पेलणार? फक्त सायकलवर किंवा पुस्तिकेत लिहिलेली वजनाची मर्यादा वाच. ती बहुधा शंभर किलोच्या आसपास असते, आणि तिच्यात बसणाऱ्याबरोबर कॅरिअरवरची भाजीची पिशवीही धरलेली असते. कॅरिअरवर मूल बसवायचं नाही. शेजारच्यांचं गोड पोर हट्ट करेल, तरी नाही.

चाक वीस इंचांचंच घे. सोळा इंचांचं दिसायला सुबक आणि घडीला लहान, पण चाक जितकं लहान तितकं ते खड्ड्यात खोल जातं, आणि पावसाळा संपला की इथल्या रस्त्यांना खड्डे असतातच. टायरच्या बाजूवर आकडे छापलेले असतात, त्यात ४०६ हा आकडा शोध. वीस इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या चाकांत ४५१ चंही एक माप असतं, ते बारीक टायरचं, शर्यतीच्या धर्तीचं. त्याची ट्यूब इथं मिळता मिळणार नाही. ४०६ ची ट्यूब म्हणजे मुलांच्या वीस इंची सायकलची ट्यूब, ती कोपऱ्यावरच्या दुकानातही असते. रुंदी पावणेदोन इंचांच्या आसपास असू दे. जाड टायर थोडा संथ चालतो, पण मनगटांना आणि पाठीला जपतो.

हवेच्या वॉलकडेही बघून घे. मोटारसायकलला असतो तसा जाड वॉल असेल तर पेट्रोल पंपावर हवा भरता येते. मात्र त्या माणसाला सांग की ट्यूब लहान आहे, थोडी थोडी भर. मोठ्या टाकीचा जोर एकदम सोडला तर ट्यूब फुटते. साध्या काळ्या सायकलचा वॉल असेल तर इथल्या कुठल्याही सैकिल कडैत, म्हणजे सायकलच्या दुकानात, हातपंप आहेच. तमिळनाडू सरकार अकरावीच्या मुलामुलींना शाळेतून सायकली देतं, त्यामुळे खेडोपाडी सायकल दुरुस्त करणारा माणूस आजही टिकून आहे. हे मोठं सुख आहे, पुण्या-मुंबईच्या किती गल्ल्यांतून तो नाहीसा झाला. पंक्चर, चाकाचा आउट काढणं, चेन, ब्रेकचे रबर हे सगळं तो करेल. बिजागरीला मात्र त्याला हात लावू देऊ नकोस, आणि ॲल्युमिनियमच्या दांडीला चीर गेली तर वेल्डिंगवाल्याकडे तर मुळीच नेऊ नकोस. त्या धातूला दिलेलं पाणी तापवल्यावर उतरतं, जोड वरून चांगला दिसतो आणि पुन्हा तिथंच तुटतो. चीर गेली की दांडी संपली, असं समजायचं.

आता दात्यांचा हिशेब. लोक म्हणतात लहान चाकाची सायकल म्हणजे पाय गरगर फिरवायचे आणि पुढं जायचं नाही. ते चाकावर नाही, दात्यांवर अवलंबून आहे. वीस इंची चाक एका फेरीत साधारण दीड मीटर जातं. पॅडलजवळच्या चाकीला ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ असतील तर पॅडलच्या एका फेरीत चाक अडीच फेऱ्यांच्या जरा आत फिरतं, म्हणजे सुमारे ३.७ मीटर. मिनिटाला पासष्ट फेऱ्या मारल्यास तर ताशी चौदा किलोमीटर. पुढं ५२ आणि मागं १६ असतील तर तेवढ्याच फेऱ्यांत ताशी एकोणीस. जुन्या अठ्ठावीस इंची काळ्या सायकलला ४४-१८ चालत होतं कारण तिचं चाक एका फेरीत सव्वादोन मीटरच्या आसपास जात होतं. म्हणून दुकानात दाते मोजून बघ, लाजू नकोस. एकच गिअर असेल तर पुढचे दाते मागच्यांच्या पावणेतीन ते तीन पट असावेत. या सपाटीला ते माप बरोबर बसतं, आणि गुडघ्यालाही जड होत नाही.

ब्रेक रिमला धरणारे, रबराचे घे. स्वस्त सायकलींना हल्ली डिस्क ब्रेक लावून देतात, दिसायला भारी वाटतात. पण घडी घालताना आणि डिकीत टाकताना त्या तबकडीला धक्का लागतो, ती जराशी वाकते आणि मग चाक घासत फिरतं. रबरी ब्रेकची जोडी बाजारात कुठंही मिळते आणि तुला स्वतःला बदलता येते. दांडी लोखंडाची की ॲल्युमिनियमची, यावर फार डोकं शिणवू नकोस. लोखंड जड आणि गंजणारं, ॲल्युमिनियम हलकं. तुझ्यासाठी वजन महत्त्वाचं, कारण जिना आहे. अकरा ते पंधरा किलोच्या दरम्यान सगळ्या येतात. दुकानात घडी घातलेली सायकल एका हातानं उचलून जिना चढून दाखव, दुकानदार बघत राहिला तर राहू दे. आणि घडी तू स्वतः घाल, त्यानं घातलेली बघून येऊ नकोस. उघडणं आणि मिटणं तुला तिथंच जमलं पाहिजे. घडी मिटल्यावर दोन भाग एकत्र धरून ठेवणारं चुंबक किंवा पट्टा आहे का तेही बघ. नसेल तर जिन्यावर ती हातात उघडते आणि पोटरीला पॅडल लागतं.

ऑनलाइन मागवलीस तर ती अर्धवट जोडलेली येईल. पॅडल बसवताना घाई नको. उजवं पॅडल नेहमीच्या दिशेनं आवळतं, डावं उलट्या. दोन्हींवर खूण असते. उलटसुलट घुसवलं तर आटे जातात आणि अख्खा क्रँक बदलावा लागतो. तरी मी म्हणेन, तिरुच्ची किंवा चेन्नैला जाणं होत असेल तर दुकानात जाऊन, चालवून घे. जुनी मिळत असेल तर तीही वाईट नाही, कारण पुष्कळ लोक हौसेनं घेतात आणि न वापरता विकतात. मात्र बिजागरीजवळच्या जोडावरचा रंग नखानं तपास. रंगाला केसासारखी रेघ असेल तर खाली चीर असू शकते. आणि सीटची दांडी वरखाली होते का बघ. वर्षानुवर्षं हलवली नसेल तर ती नळीत धरून बसते आणि मग कुणाच्या बापाला निघत नाही.

सीटवरून आठवलं. घडीच्या सायकलचा एक फायदा दुकानात कुणी सांगत नाही. तिची सीट आणि पुष्कळदा हँडलही खूप वरखाली होतं, म्हणून एकच सायकल सगळ्या घराला पुरते. जावईबापू पावणेसहा फुटांचे, तू त्यांच्या खांद्याला लागतेस, दोघांना एकच चालेल. मधली दांडी खाली असते, त्यामुळे पाय उंच टाकून बसावं लागत नाही. पंजाबी ड्रेसमध्ये, अगदी साडी नेसूनही बसता येतं, फक्त चेनवर झाकण हवं. सासूबाई इथं राहायला आल्या आणि त्यांनी मनावर घेतलं तर त्यांनाही जमेल. प्रत्येकाची उंची एकदा ठरवून सीटच्या दांडीवर वेगवेगळ्या रंगाची चिकटपट्टी लाव, म्हणजे रोज अंदाज करायला नको. उंची अशी ठरव: सीटवर बसून टाच पॅडलवर ठेव, पॅडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा पॅडलवर ठेवलास की गुडघ्याला आपोआप हवा तेवढा बाक येतो. सीट खाली असेल तर गुडघा पुढून दुखतो, फार वर असेल तर मागून. दांडीवर एक आडवी रेघ कोरलेली असते, तिच्या वर दांडी कधीही ओढायची नाही. ती रेघ नळीबाहेर दिसली तर दांडी वाकते, नाहीतर नळी फाटते.

पहिले काही दिवस फक्त गल्लीत चालव. लहान चाकाचं हँडल चटकन वळतं, साध्या सायकलची सवय असलेल्या हाताला ते नाजूक वाटतं. एक हात सोडून वळण्याची खूण करायला गेलीस तर सायकल डुलेल. ते गल्लीत शीक, मग मोठ्या रस्त्यावर. हँडलला दुधाची, भाजीची पिशवी अडकवायची नाही, पिशवी झोका घेते आणि चाक तिच्यामागं जातं. सामान मागच्या कॅरिअरवर. उभं राहून जोर लावायचा नाही, त्यात हँडलच्या लांब दांडीवर आणि तिच्या सांध्यावर सगळा ताण येतो. पुलाच्या चढावर गिअर कमी कर, नाहीतर उतरून चाल, त्यात कमीपणा कसला. आणि दारासुरमला रूळ ओलांडावे लागले तर सरळ काटकोनात ओलांड. तिरपी गेलीस तर बारीक चाक रुळालगतच्या खाचेत जातं.

निघण्यापूर्वी दोन्ही खटके हातानं दाबून बघ, रोज. घाई असली तरी. सीटचा खटका, ब्रेक, हवा हे त्यानंतर.

वेळ पहाटेची. पुण्यापेक्षा इथं लवकर उजाडतं, आणि ऊनही लवकर चढतं. मार्चपासून जूनपर्यंत साडेसात वाजता घरात असलीच पाहिजेस. मे महिन्यात कत्तिरी लागते, म्हणजे अग्निनक्षत्राचे दिवस, तेव्हा तर सातच्या आत. इथली हवा दमट, घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड व्हायला वेळ लागतो. पाण्याची बाटली बरोबर ठेव. मार्गळीत, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, पहाटे दारोदारी मोठमोठे कोलम, म्हणजे रांगोळ्या, काढतात. ओल्या कोलमवरून चाक नेऊ नकोस. वळसा घे, नाहीतर उतर. विणकरांच्या गल्लीत रेशमाचा ताणा पसरलेला असेल तर तिथंही उतरूनच चाल. त्यांची किती दिवसांची मेहनत त्या धाग्यांत असते. सुगीत लोक भात आणि पेंढा रस्त्यावर वाळत घालतात. पेंढा चेनमध्ये अडकतो आणि भातावर चाक घसरतं, म्हणून बाजूनं जा. कुत्री मागं लागली तर पळवू नकोस. थांब, उतर, सायकल मध्ये ठेव आणि चालत राहा. बहुतेक कुत्री तिथंच निवतात.

तंजावर-कुंभकोणम् हमरस्ता टाळ. खासगी बसगाड्या तिथं ज्या वेगानं येतात ते तू बघितलंसच. रस्त्याच्या कडेला घसरून जायची वेळ आली तर लहान चाक मातीत रुततं. दक्षिणेला पट्टीश्वरमकडे जाणारा रस्ता घे. शेतांच्या मधून जातो, दारासुरमपासून तीन-चार किलोमीटर. तिथल्या धेनुपुरीश्वराच्या देवळात दुर्गेचं मोठं स्थान आहे, जवळच पळैयारै, म्हणजे चोळांची जुनी राजधानी. जाऊन-येऊन पाऊण तास. सवय झाली की स्वामिमलै. मुरुगनच्या सहा स्थानांतलं एक, साठ पायऱ्यांच्या बांधीव टेकडीवरचं. ओतीव मूर्ती करणारे स्थपती त्याच गावात राहतात. मेणाचा साचा, त्यावर माती, मग मेण वितळवून धातू ओतणं, हे काम तिथं डोळ्यांनी बघता येतं. सायकलची घडी घाल आणि फुलवालीला विचारून तिच्या शेजारी ठेव. पण कुलूप लाव. घडी घातलेली सायकल कुणालाही उचलून नेता येते, म्हणून कुलपाची तार खांबातून गेली पाहिजे.

आणि इतक्या लांब कशाला जायचं असं कधी वाटलं, तर ऐरावतेश्वराच्या भोवतीच फेऱ्या घाल. बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळानं बांधलेलं देऊळ तुझ्या उंबऱ्यापासून हाकेवर आहे. २००४ साली ते युनेस्कोच्या यादीत गेलं. सायकल बाहेर ठेवून आत जा. मंडपाला दगडी चाकं आणि रथ ओढणारे घोडे कोरलेत. चाकाचा तुंबा, आरे, धाव सगळं नीट बघ. चाकाशी रोज संबंध येऊ लागला की ते काम किती जाणत्या हातांचं आहे ते जास्त कळतं. पाऊस झाल्यावर आवारात पाणी साचतं, तेव्हा जपून चाल.

पुढं कधी लांबची फेरी करावीशी वाटली तर कुंभकोणमच्या पलीकडे, मायिलाडुतुरैच्या रस्त्यावरचं गोविंदपुरम् आहे. तिथं विठ्ठल-रुक्मिणीचं मोठं देऊळ आहे. पंढरपूर इथून लांब, पण विठोबा लांब नाही. व्यंकोजीराजांच्या काळापासून या मुलखात राहिलेल्या आपल्या घरांना तिथं गेल्यावर काय वाटतं ते तू स्वतः अनुभव. तो रस्ता वाहता आहे, म्हणून रविवारी अगदी पहाटे निघा, आणि परतताना दम लागला तर सायकलची घडी घालून रिक्षात बसा. घडीची घेतली ती यासाठीच. आषाढी एकादशीला मात्र नको, त्या दिवशी तिथं गर्दी असते.

व्यायाम किती, तर जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसांना आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम श्रम सांगितलेत. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास, सुरुवातीला एवढंच. पहिल्या आठवड्यात पंधरा मिनिटांवर थांब, पाय अजून हवंय म्हणाले तरी. मध्यम श्रम कसे ओळखायचे? चालवताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तेवढा वेग. वाक्य अर्ध्यावर तुटायला लागलं तर हळू हो. सायकल गुडघ्यांवर भार टाकत नाही म्हणून ती दुखऱ्या गुडघ्यांना चालते, पण त्याच कारणानं हाडांना ती फारसं बळ देत नाही. तेव्हा थोडं चालणं आणि घरच्या घरी थोडं वजन उचलणं चालू ठेव, तुझ्या वयाच्या बायकांना त्याची गरज आहे. जावईबापूंची साखरेची गोळी चालू आहे. काही गोळ्यांनी आणि इन्सुलिननं श्रमानंतर साखर फार खाली येते, म्हणून त्यांनी डॉक्टरांना विचारूनच निघावं आणि खिशात गोड काहीतरी ठेवावं. छातीत दाब आला, जबड्यात-हातात कळ गेली, घाम सुटून चक्कर आली, तर घर गाठायचं नाही. तिथंच थांबून कुणालातरी हाक मारायची आणि दवाखाना गाठायचा. हे दोघांनीही पाठ करून ठेवा.

इथला पाऊस मोठा होतो तो ऑक्टोबर ते डिसेंबर. पुण्याच्या हिशेबानं सप्टेंबरात पाऊस संपला असं समजू नकोस. सायकलला दोन्ही मडगार्ड पूर्ण लांबीचे हवेत. भिजून आलीस तर कोरड्या फडक्यानं चेन पूस आणि थेंब थेंब तेल सोड, वरचं तेल पुन्हा पुसून टाक, नाहीतर धूळ चिकटते. बिजागरीच्या खिळीला तेलाचा एक थेंब पुरे. सीटच्या दांडीला महिन्यातून एकदा ग्रीसचं बोट फिरव म्हणजे ती धरून बसणार नाही. लहान चाकातली हवा लवकर उतरते, म्हणून दर आठवड्याला टायर अंगठ्यानं दाबून बघ. किती हवा भरायची ते टायरच्या बाजूवर लिहिलेलं असतं.

आयुधपूजेला इथं सगळे आपापली वाहनं धुऊन गंध-कुंकू लावतात, तूही लाव. त्याच्या आदल्या दिवशी सायकल उलटी कर, सगळे नट-बोल्ट एकदा पान्यानं तपास आणि दोन्ही बिजागऱ्यांवर बॅटरीचा उजेड टाकून चीर आहे का ते बघ. पाना आणि ॲलन कीचा जोड बाजारातून आणू नकोस, माझ्याकडे दोन आहेत, एक घेऊन जा. आणि सायकल ठरवायच्या आधी तिचा बिजागरी उघडून काढलेला फोटो मला पाठव.